रद्द न होणारे तिकीट

वालूरकर गेल्यानंतर शाळेत शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही त्यांच्या वक्तशीरपणाचे कौतुक केले. गेलेल्या माणसाविषयी काही आठवत नसले की वक्तशीरपणा आठवतो. पाचवे नाव माझे पुकारले गेले. मी उठलो नाही. मला जे सांगायचे होते ते सभेत मावणारे नव्हते, आणि सभेला घाई होती. ते येथे लिहितो.

आम्ही दोघे सेलूच्या एका शाळेत बरोबर नोकरीला होतो. ते विज्ञान शिकवीत, मी इतिहास. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, खिशात दोन पेने आणि चौकोनी घडीची एक दस्ती. रुमालाला आमच्याकडे दस्ती म्हणतात. या दस्तीने वालूरकरांनी कधी घाम पुसल्याचे मी पाहिले नाही. घामासाठी पँटच्या खिशात दुसरी होती. ही गाडीत जागा धरण्यासाठी होती.

परीक्षेच्या कामाला परभणीला जावे लागे. पॅसेंजर फलाटाला लागते न लागते तोच वालूरकर खिडकीतून हात घालून दस्ती बाकावर टाकीत आणि मग सावकाश, बायाबापड्यांना वाट देत, डब्यात चढत. त्या दस्तीवर कोणी बसले नाही. “हा कायदा कोणत्या पुस्तकात नाही,” ते म्हणत, “म्हणून तर मोडत नाही कोणी.” आरक्षित डब्यातही ते हेच करीत. तिकिटावर आसनाचा क्रमांक छापलेला असे. तरी आधी दस्ती पडे, मग वालूरकर बसत. मी एकदा कारण विचारले. “छापलंय ते रेल्वेनं. दस्ती आपली हाय,” ते म्हणाले. एरवी ते ‘आहे’ म्हणत. ‘हाय’ हे फक्त ठासून सांगण्यासाठी होते.

शाळेच्या सहलींची तिकिटे तेच काढीत. एका सहलीला त्यांनी मुलांना गाडीच्या घंटाभर आधी फलाटावर उभे केले आणि गाडी तीन घंटे उशिरा आली. मुख्याध्यापक चिडले. “वालूरकर, तुमच्या घाईपायी लेकरं उपाशी बसलीत.” वालूरकर म्हणाले, “गाडी उशिरा आली हा गाडीचा दोष, सर. आपण उशिरा आलो असतो तर तो आपला झाला असता. मी आपल्यापुरतं बघतो.” शोकसभेत सांगितला गेलेला वक्तशीरपणा तो हाच. मुलांना शेवटी डाळे-मुरमुरे मी आणून दिले.

त्यांची खरी खोड निराळी होती. तिकिटे काढताना ते एक तिकीट जास्तीचे काढीत. तिकीट नावाशिवाय मिळत नाही. तेव्हा ज्याला लागेल असे वाटे त्याचे नाव ते फॉर्मवर लिहीत. त्या माणसाला याचा पत्ता नसे. माझी आई आजारी होती तेव्हाची गोष्ट. तिला मुंबईला न्यावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, आणि मी स्टाफरूममध्ये नुसता बसून होतो. ऐन सुट्ट्यांचे दिवस. तिकीट मिळण्याची शक्यता नव्हती. वालूरकरांनी खिशातून तिकीट काढून टेबलावर ठेवले. माझे आणि आईचे. चहाला माझ्या घरी आले असताना त्यांनी आईचा खोकला ऐकला होता, आणि डॉक्टरांच्या कितीतरी आधी त्यांचे निदान झाले होते.

“तुमच्या नावाचं काढून ठेवलंय,” ते म्हणाले. “लागलं तर सांगा, नाही तर रद्द करतो.”

हे वाक्य त्यांनी गावात किती जणांना म्हटले असेल, कोण जाणे. उपकार करण्याची याहून निर्दोष रीत मला माहीत नाही. देणाऱ्याने दिले असे होत नाही, घेणाऱ्याने मागितले असे होत नाही. रद्द करण्याची सोय आहे तोपर्यंत कोणी काहीच केलेले नसते. मग आभार कशाचे मानायचे? मी मानले नाहीत. त्यांनाही ते बरे वाटले असावे.

वालूरकरांना स्टाफरूममध्ये ‘रिझर्वेशनवाले सर’ म्हणत. आमचे घर छप्पन्न सालापासून बौद्ध. त्या नावावरून माझ्याकडे पाहून कोणते विनोद होत, ते लिहीत नाही. वालूरकर त्या विनोदांना हसत नसत, एवढे लिहितो. आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला येत.

मग त्यांच्या मुलीने लग्न केले.

वृंदा एकुलती एक. परभणीला शिकली, पुढे संशोधनासाठी इटलीतल्या बोलोन्या या शहरी गेली. परभणीला तिच्या वर्गात असलेला प्रशांत खंदारेही तिथेच होता. तो पूर्णेजवळच्या चुडाव्याचा. वडील रेल्वेत गँगमन होते. ज्या रुळांवर वालूरकरांची सारी श्रद्धा होती, त्यांचे खिळे या मुलाच्या बापाने ठोकलेले होते. याचा काही उपयोग झाला नाही. खंदारे हे माझे आडनाव नव्हे, माझे साळवे, पण समाज तोच. वालूरकर म्हणाले, त्या घरात पाऊल ठेवणार नाही. मुलीशी बोलणे बंद केले. तिचा फोन आला की ते अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालीत. त्या वर्षी तुळस कुजली.

त्याच आठवड्यापासून ते माझ्याकडे चहाला यायचे थांबले. कारण मी विचारले नाही. विचारण्यासारखे ते नव्हते.

काही वर्षे अशी गेली. आम्ही दोघेही निवृत्त झालो. मग एका दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

“साळवे सर, पडताळणीला माणूस पाहिजे. येता का?”

पडताळणी म्हणजे आमचे निकालाच्या दिवसांतले काम. एकाने गुण मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने कागदावर खूण करायची. वाचणाऱ्याने लिहायचे नाही, लिहिणाऱ्याने वाचायचे नाही. वीस वर्षांत आमच्या दोघांच्या पडताळणीत चूक निघाली नव्हती. मी चपला घातल्या.

हकिकत वाटेत कळली. वालूरकर वहिनींनी त्यांना एकदाच आणि स्पष्ट सांगितले होते: “मला लेक बघायचीय. तुमी आलात तर तुमच्यासंगं, नाही तर टूरवाल्यासंगं.” वालूरकरांनी विचार केला. त्यांनी शपथ घेतली होती ती घराविषयी, देशाविषयी नव्हे. तेव्हा इटली पाहायला हरकत नव्हती. रोम पाहायचे, गाडीने व्हेनिसला जायचे. रोमहून व्हेनिसला जाणारी गाडी बोलोन्यावरूनच जाते, हा भूगोलाचा दोष.

आमच्या भागात नातलग गाडीने जाणार असला की वाटेतल्या स्टेशनावर भेटायला येतात. डबा घेऊन येतात. गाडी थांबते तेवढ्यात खिडकीतून डबा आत, खुशाली बाहेर. वालूरकरांनी हाच बेत मांडला होता. बोलोन्याला गाडी थांबते. मुलगी फलाटावर येईल. आई तिला पाहील. शपथही शाबूत.

“किती येळ थांबते?” वहिनींनी विचारले होते.

“चार मिनिटं.”

“चार मिनिटांत डबा देता येतो. लेक बघता येत नाही.”

म्हणून आज तीन तिकिटे काढायची होती.

वृंदाचा जुना कॉम्प्युटर विणलेल्या आच्छादनाखाली होता. ते काढून आम्ही बसलो. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घाशीत होत्या. तिकडच्या गाड्यांची तिकिटे आधी काही महिने खुली होतात आणि जो लवकर काढील त्याला स्वस्त मिळतात, हे पाहून वालूरकरांना त्या देशाविषयी आदर वाटू लागला होता. वेटिंग लिस्ट नावाचा प्रकार नाही हे कळल्यावर मात्र ते साशंक झाले. “वेटिंग नाही म्हणजे मागणीच नसणार,” ते म्हणाले.

मी नियम वाचू लागलो. सर्वांत स्वस्त तिकीट ठरल्या गाडीला, ठरल्या दिवशी, ठरल्या आसनालाच चालते. बदलत नाही. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. रद्द होत नाही.

“काढलं की संपलं?”

“संपलं.”

“मग हे तिकीट कशाचं, लग्नच झालं की,” वालूरकर म्हणाले. आत भांड्यांचा आवाज थांबला.

मी त्यांना दाखवले की, त्याच गाडीचे दुसरे, रद्द होणारे तिकीटही आहे, थोडे महाग. आयुष्यभर जास्तीचे तिकीट केवळ त्या एका सोयीच्या भरवशावर काढणारा हा माणूस. त्यांनी त्या ओळीकडे बराच वेळ पाहिले.

“फजूल,” ते म्हणाले. “स्वस्तातलंच घ्या. तीनही.”

आणखी एक चूक मी दुरुस्त करू पाहिली. तीनही तिकिटे ते रोमपासून काढीत होते. “तिसरं बोलोन्यापासून काढा की,” मी म्हणालो, “माणूस तिथून चढणार.”

“मधल्या स्टेशनाला कोटा नसतो. सेलूला कधी भेटलाय? मूळ स्टेशनापासून काढावं, मधे बसावं.”

“तिकडं कोटा नाही, सर.”

“असं ते म्हणतात.”

वाद घातला नाही. त्यांनी टाइप करायचे, मी पासपोर्टवरून वाचायचे, असे ठरले. पहिले नाव वाचले. दुसरे वाचले. तिसऱ्या चौकटीपाशी पडद्यावरची रेघ लुकलुकत राहिली.

“वाचा,” वालूरकर म्हणाले.

“काय वाचू? पासपोर्ट दोनच आहेत.”

“जास्तीचं आहे ते. कोणी आलं तर.”

“नावाशिवाय पुढं जात नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग एका बोटाने, एकेक अक्षर, वृंदा असे लिहिले. पुढची चौकट आडनावाची होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने विचारले, “पासपोर्टावर आडनाव काय लावती ती?”

“खंदारे,” आतून आवाज आला. लगेच आला. वहिनी बहुधा दाराशीच उभ्या होत्या.

नियमाप्रमाणे आडनाव मी वाचायचे होते. मी वाचले. त्यांनी लिहिले. मग आम्ही रीतीप्रमाणे अदलाबदल केली. त्यांनी पडद्यावरून वाचले, मी ताडून पाहिले. त्यांच्या तोंडून ते आडनाव मी प्रथमच ऐकत होतो. उच्चार स्वच्छ होता. ते म्हणाले, “दाबू?” मी म्हणालो, “दाबा.”

आता प्रश्न तिला कळवण्याचा होता. “लागलं तर सांगा” एवढे म्हणता आले असते. “नाही तर रद्द करतो” हे म्हणता येत नव्हते. आणि दुसऱ्या अर्ध्या वाक्याशिवाय पहिले म्हणायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी वहिनींना निरोप दिला: “तिला सांग, एक तिकीट जास्तीचं निघालंय. रद्द होत नाही. वाया जाईल.”

वृंदाने उत्तर दिले, “बघते.”

बघते म्हणजे काय, यावर पुढचे महिने गेले. आगाऊ तिकिटाचा हा एक तोटा त्यांनी पूर्वी अनुभवला नव्हता. जितके लवकर काढावे तितकी वाट जास्त पाहावी लागते. ते मला बाजारात गाठत आणि इटलीतल्या हवेविषयी बोलत. “तिकडं थंडी असते म्हणे. लोक घराबाहेर पडत नाहीत म्हणे.” मी म्हणे, “पडतात.” एकदा ते एवढेच म्हणाले, “बापाचा हट्ट पोरीत आला असंल तर ती यायची नाही.” आणि कांद्याचा भाव विचारायला वळले. वहिनींना लेकीला भेटायचे आहे म्हणून जातो, असे ते गावाला सांगत. पण ज्याला धाकधूक होती तो माणूस मला दिसत होता.

ते गेले आणि परतले. परतल्यावर एका संध्याकाळी दोघेही माझ्या घरी आले. वालूरकर सरळ आत येऊन त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “चहा टाका.” मधली वर्षे त्यांनी अशी रद्द केली.

हकिकत वहिनींनी सांगितली. वालूरकर फक्त रेल्वेविषयक दुरुस्त्या करीत होते.

“रोमला गाडीत बसलो, भावजी, अन् यांनी काय करावं? समोरच्या रिकाम्या सीटवर दस्ती टाकली. तिकडं कोणी कोणाची जागा घेतच नाही. एक गोरी बाई आली, तिनं ती उचलून यांच्या हातात दिली. तिला वाटलं, पडली.”

“परत टाकली,” वालूरकर म्हणाले.

“मग तिकीट तपासणारा आला. तिकिटं तीन अन् माणसं दोन. हे उभे राहिले. म्हणाले, डॉटर, बोलोन्या. तो हसला, गेला. यांना वाटलं, आता जाऊन जागा दुसऱ्याला देतो.”

“आपल्याकडं देतात. माणूस चढला नाही की देतात.”

“मग काय, बोलोन्या येईस्तोवर बसलेच नाहीत. दस्तीपाशी उभे. पहाऱ्याला! मी म्हटलं, बाहेर बघा, लय सुंदर डोंगर आहेत. म्हणाले, तू बघ, मग मला सांग.”

मी विचारले, “आली?”

वहिनींनी चहाची बशी खाली ठेवली. “गाडी थांबली. माणसं चढायली, उतरायली. ती दिसंना. खिडकीतून प्रशांत दिसला. फलाटावर, एकटा. खिडकी उघडत नाही तिथली. तो हातानं काहीतरी सांगायला, अन् आम्हाला कळंना. मला वाटलं, नाही आली. त्याला निरोप द्यायला धाडलं. दारं लागली. गाडी हालली. हे तसेच उभे. अन् मागून आवाज आला, आई.”

“शेजारच्या डब्यातून चढली होती,” वालूरकर म्हणाले. “डबा क्रमांक नीट पाहिला नाही तिनं.”

“इतक्या वर्षांनी लेक समोर, भावजी. काय म्हणावं माणसानं? म्हणाले, ओळखपत्र आणलंस?”

“नावाचं तिकीट असतं. विचारतात.”

“कोणी विचारलं न्हवतं! तिनं काढून दिलं. यांनी चष्मा लावला. तिकिटाशी लावून बघितलं. नाव, आडनाव, सगळं. मग दस्ती उचलली अन् म्हणाले, बैस. ती बसली. हसायला लागली, अन् मग हसता हसता रडायला. हे म्हणाले, ही घे. दस्ती दिली.”

त्या दस्तीने कोणी काही पुसल्याची माझ्या माहितीतली ही एकच वेळ.

मग वालूरकर खिडकीकडे पाहत म्हणाले होते, “त्याला यायला काय झालं होतं?” आणि वृंदा म्हणाली होती, “तुम्ही एकच काढलंत, बाबा.” यावर त्यांनी दुरुस्ती सुचवली नाही, माझ्याकडे हे सांगितले जात असतानाही सुचवली नाही. कप उचलला, तो रिकामा होता, तरी प्याले.

परतीच्या प्रवासात बोलोन्याला वृंदा उतरली. वालूरकर तिच्यामागे दारापर्यंत गेले. फलाटावर प्रशांत होता. जाताना त्याने वृंदाबरोबर धाडलेला स्टीलचा डबा त्यांनी त्याला परत दिला. रिकामा डबा परत करायचा नसतो; त्यात सेलूहून नेलेले शेंगदाण्याचे लाडू भरले होते. जावयाशी ते प्रथमच बोलले. म्हणाले, “दारापासून लांब उभे राहा. गाडी सुटते.” त्यांनी खाली पाऊल ठेवले नाही. शपथ शेवटपर्यंत मोडली नाही, याची नोंद करणे मला भाग आहे.

ते मला अखेरचे दिसले ते सेलूच्या स्टेशनावर. दिवाळीचे दिवस होते. वृंदा आणि प्रशांत मुंबईला उतरून सेलूला येणार होते. मुंबईहून येण्याची तिकिटे अर्थात वालूरकरांनीच काढली होती. मी परभणीला निघालो होतो. वृंदाचा डबा जिथे थांबेल त्या जागी वालूरकर येऊन उभे होते. गाडी उशिरा होती. बाकावर वहिनी बसल्या होत्या आणि वहिनींच्या शेजारी दस्ती पसरली होती.

मी विचारले, “दोन तिकिटं?”

“तीन.”

“तिसरं कोणाचं?”

“चुडाव्याचे खंदारे. पोराचे वडील. धाकट्याकडं मुंबईला आहेत सध्या.” ते रुळांकडे पाहत होते. “त्यांच्या नावाचं काढून ठेवलं. पोरासंगं निरोप धाडला. लागलं तर सांगा म्हटलं.”

“मग? येतो म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

माझी गाडी आली. मी पिशवी उचलली. जाता जाता म्हणालो, “हे आपल्याकडचं तिकीट आहे, सर. हे रद्द होतं.”

“होतं,” वालूरकर म्हणाले. “केलं नाही.”

माझी गाडी आधी सुटली. खिडकीतून पाहिले तेव्हा कोणी एक प्रवासी त्या बाकापाशी टेकायला आला होता आणि वालूरकर त्याला हाताने, नम्रपणे, दस्तीपासून दूर करीत होते.